सोलापूरच्या नगरपालिकेवरचा झेंडा केशरी नव्हता

सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर ६ एप्रिल १९३० रोजी ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिक अण्णासाहेब भोपटकर यांच्या हस्ते राष्ट्रीय झेंडा फडकला. नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा लावण्याचा देशातला पहिला मान सोलापूरचा मानला जातो, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. पण त्या झेंड्याचं चित्र काढायला सांगितलं, की सगळे केशरी-पांढरा-हिरवा काढून मोकळे होतात. तिथं चूक होते. केशरी पट्टा काँग्रेसच्या झेंड्यावर आला ऑगस्ट १९३१ मध्ये, म्हणजे या घटनेनंतर सोळा महिन्यांनी. १९३० साली चालू असलेला झेंडा वरून खाली पांढरा, हिरवा आणि लाल असा होता. त्यावर निळा चरखा होता, तोही एका पट्ट्यात मावणारा नव्हे, तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला.

या झेंड्याचा नमुना तोवर ठराव करून कुणी पक्का केलेला नव्हता. त्यामुळे गावोगावी शिवलेल्या झेंड्यांत रंगछटा आणि मापं वेगळी निघणं साहजिक होतं. आज मात्र झेंड्याच्या चक्राचा व्यास मिलिमीटरमध्ये ठरलेला आहे. मधल्या वीसेक वर्षांत झालेले बदल भावनेचे होते तसेच कापडाचे, नजरेचे आणि भूमितीचेही होते. या दुसऱ्या बाजूबद्दल फारसं लिहिलं जात नाही.

सुरुवातीचे झेंडे फार बोलके होते. ७ ऑगस्ट १९०६ रोजी कोलकात्याच्या पारशी बागान चौकात लावलेल्या झेंड्यावर हिरवा, पिवळा, लाल असे तीन पट्टे, आठ कमळं, सूर्य, चंद्रकोर आणि मधोमध देवनागरीत ‘वंदे मातरम्’ एवढा ऐवज होता. मादाम कामांनी १९०७ मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टला फडकवलेला झेंडा याच वळणाचा. १९१७ च्या होमरूल झेंड्यावर पाच लाल आणि चार हिरवे पट्टे, सप्तर्षींच्या सात चांदण्या, चंद्रकोर आणि चांदणी, शिवाय कोपऱ्यात चक्क युनियन जॅक.

कागदावर हे सगळं छान दिसतं, अडचण येते ती अंतराची. निरोगी डोळ्याला साधारण एक कलामिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा बारकावा कळतो. शंभर मीटरवर तो जेमतेम तीन सेंटिमीटर भरतो. त्याहून बारीक अक्षराची रेघ तेवढ्या अंतरावरून वाचता येत नाही आणि लहान चांदणी नुसता ठिपका होते. त्यात कापड वाऱ्यावर हलत असतं, घडी पडलेली असते. लांबून टिकतात ते रुंद सपाट पट्टे आणि एखादं मोठं चिन्ह. पिंगळी व्यंकय्यांनी १९२१ मध्ये बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, गांधीजींना दाखवलेला लाल-हिरवा नमुना आणि त्यात गांधीजींनी घालायला लावलेला पांढरा पट्टा व चरखा या कसोटीला कितीतरी जास्त उतरतात.

मग तो बदलला का? एक तर पांढरा-हिरवा-लाल याच क्रमाचा झेंडा बल्गेरियाचा होता आणि आजही आहे. दुसरं कारण जास्त वजनदार. तीन रंग म्हणजे तीन धर्मसमूह असा अर्थ रुळला होता, आणि मग आमचा रंग कुठे, ही शिखांची विचारणा रास्तच होती. एप्रिल १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. तीत काका कालेलकर आणि हुबळीचे ना. सु. हर्डीकर हेही होते. समितीने सुचवला तो सबंध केशरी झेंडा, काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात तांबूस-तपकिरी चरखा असलेला. तो नामंजूर झाला. ऑगस्टमध्ये मुंबईच्या बैठकीत केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम आणि पांढऱ्या पट्ट्यावर चरखा असं ठरलं, आणि रंगांचा धर्माशी संबंध नाही हेही स्पष्ट केलं गेलं.

घरात किंवा वाचनालयात जुना कृष्णधवल फोटो असेल तर या माहितीचा थेट उपयोग होतो. पांढरा पट्टा सगळ्यात वर असेल तर नमुना १९३१ च्या आधीचा, मध्ये असेल तर नंतरचा. राखाडी छटेवरून मात्र रंग ओळखायला जाऊ नये. आजच्या प्रमाणित कापडात पांढऱ्याची उजळता ७२.६, केशरीची २१.५ आणि हिरव्याची ८.९ ठरलेली आहे, म्हणजे केशरी हिरव्याच्या दुपटीहून जास्त उजळ. पण त्या काळच्या बऱ्याच फिल्म तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असायच्या. त्यांवर लाल आणि केशरी दोन्ही काळपट उतरतात आणि फोटो पाहणारा फसतो.

२२ जुलै १९४७ चा बदल मला सगळ्यात देखणा वाटतो. संविधान सभेत ठराव मांडताना नेहरूंनी चरखा काढून चक्र घेण्याचं जे कारण सांगितलं ते निव्वळ व्यवहाराचं होतं. झेंडा दोन्ही बाजूंनी बघितला जातो. चरख्याला एका टोकाला चाक असतं, दुसऱ्या टोकाला चाती. एका बाजूने चाक काठीकडे दिसलं, तर पलीकडून बघताना चित्र उलटं पडतं. दोन्ही बाजूंनी सारखंच दिसायला हवं तर चिन्हाला आरशातली सममिती पाहिजे. २४ समान आऱ्यांच्या चक्रात ती आहे. ते आरशात धरा, उलटं करा किंवा १५ अंशांनी फिरवा, आकृती तीच राहते. सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरचं चक्र निवडताना इतिहास तर साधलाच, भूमितीही सुटली.

सोलापूरकरांना १५ ऑगस्ट १९४७ नंतर आणखी एक गोष्ट दिसत होती. इथे तिरंगा, आणि पूर्वेला तासाभराच्या रस्त्यावर नळदुर्गला निजामाचा पिवळा झेंडा, मधोमध पांढरं वर्तुळ असलेला. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्याची मुख्य फळी सोलापूरहून मेजर जनरल जे. एन. चौधरींच्या नेतृत्वाखाली निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात आला. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. संस्थानांचे बहुतेक झेंडे विलीनीकरणाच्या सह्यांनी उतरले, हा सैन्याने उतरवला.

पुढे राज्यांचे वेगळे अधिकृत झेंडे भारतात जवळजवळ राहिलेच नाहीत. जम्मू-काश्मीरचा लाल कापडावर पांढरा नांगर आणि तीन उभ्या रेघांचा झेंडा १९५२ पासून २०१९ पर्यंत होता. महाराष्ट्राला स्वतंत्र झेंडा नाही. १ नोव्हेंबरला अक्कलकोटच्या पलीकडे कर्नाटकात सगळीकडे दिसतो तो पिवळा-तांबडा झेंडा लोकांनी आपलासा केलेला, पण सरकारमान्य नव्हे. मार्च २०१८ मध्ये कर्नाटक सरकारने त्यात पांढरा पट्टा आणि गंडभेरुंड (दोन डोक्यांचा पौराणिक पक्षी) घालून नमुना केंद्राकडे पाठवला होता, त्याला मान्यता मिळाली नाही.

१९४७ च्या ठरावात चक्राचा व्यास ‘पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीएवढा, साधारण’ असा मोघम होता. शिंप्याला मोघम चालत नाही. १९५१ मध्ये भारतीय मानक तयार झालं. त्याचा क्रमांकच एक, आय.एस. १. पुढे दशमान पद्धत आल्यावर मापं मिलिमीटरमध्ये आली, तरी त्यांतून जुना फूट डोकावतोच. सगळ्यात मोठा ६३०० × ४२०० मि.मी. म्हणजे २१ × १४ फूट, फूट ३०० मिलिमीटरचा धरून. एकूण नऊ आकार आहेत. २२५ × १५० मोटारीसाठी आणि १५० × १०० टेबलासाठी.

या तक्त्यात एक गंमत लपलेली आहे. ९०० × ६०० मि.मी.च्या झेंड्यात पांढरा पट्टा २०० आणि चक्र १८५, म्हणजे पट्ट्याच्या ९२.५ टक्के. १८०० × १२०० मध्ये ४०० ला ३७०, तेच प्रमाण. पण मोटारीवरच्या झेंड्यात पट्टा ५० आणि चक्र फक्त ४०, म्हणजे ८० टक्के. टेबलावरच्यात तर ७५ टक्के. कारण बहुधा शिवणीत असावं. शिवण एक-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे होणारच. मोठ्या झेंड्यात ती खपून जाते, लहानात चक्राची कड केशरी पट्ट्यावर चढते. ‘प्रमाणात लहान करा’ म्हणून संगणकावर मोठं चित्र आवळून छापलेले टेबल-झेंडे म्हणूनच मापाला चुकतात.

खादीचा झेंडा तीन वेगळ्या रंगवलेल्या पट्ट्या जोडून होतो, वरून रंग छापून नाही. काठीकडच्या कडेला जाड खादीची पट्टी शिवतात आणि तिच्या पोकळीतून दोरी जाते. हुबळीजवळच्या बेंगेरीतली संस्था प्रमाणित खादी झेंड्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि नांदेडलाही हे काम होतं. सगळ्यात अवघड भाग चक्राचा. ते दोन्ही बाजूंनी उमटवायचं असतं आणि दोन्हीकडचे आरे एकावर एक बसले पाहिजेत. आऱ्यांमध्ये १५ अंश असल्यामुळे मागचं चक्र ७.५ अंशांनी फिरलं तर त्याचे आरे बरोबर पुढच्यांच्या फटीत येतात. १८५ मि.मी.च्या चक्रात परिघावर ही चूक फक्त १२ मिलिमीटरची. टेबलावर ठेवून पाहिलं तर काहीच कळत नाही. उन्हाकडे धरला की २४ च्या जागी ४८ आरे दिसतात. झेंडा घेताना ही एक तपासणी जरूर करावी. (काठीवर चढल्यावर फरक पडत नाही असं म्हणता येईल. या मापाचे आरे चाळीसेक मीटरच्या पुढे तसेही एकमेकांत मिसळतात. पण पहिल्या रांगेतले लोक जवळच उभे असतात.)

दुसरी तपासणी रंगाची. पांढरा सुती रुमाल ओला करून हिरव्या आणि केशरी पट्टीवर घासावा. रुमालाला रंग लागला तर तो धाग्यात मुरलेला नाही, नुसता वर बसलेला आहे, आणि पहिल्या पावसात पांढऱ्या पट्ट्यावर उतरणार. सोलापुरात चादरी-टॉवेलच्या धंद्यात रंगारी याला ‘कच्चा रंग’ म्हणतील. उन्हाचा पक्केपणा वेगळा, तो १ ते ८ च्या श्रेणीत मोजतात. पिवळा आणि निळा मिसळून हिरवा केलेला असेल आणि त्यातला एक आधी उडाला, तर पट्टा नुसता फिका पडत नाही, त्याची छटाच बदलते. एप्रिल-मे मधलं सोलापूरचं ऊन ही परीक्षा फुकटात घेतं.

ध्वजसंहितेतल्या ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिएस्टर आणि यंत्रावर विणलेलं कापडही चालतं. पॉलिएस्टर पाणी फारसं पीत नाही, त्यामुळे भिजला तरी झेंडा लोंबत नाही आणि लवकर वाळतो. सुती खादी भिजली की जड होते, मंद वाऱ्यात काठीला चिकटून राहते.

फाटतात मात्र दोन्ही, आणि दोन्ही एकाच जागी, काठीपासून लांबच्या कडेला. वारा झेंड्याच्या दोन्ही अंगांनी भोवरे सोडत जातो, कापडात लाट तयार होते आणि ती मोकळ्या कडेला पोचेपर्यंत वाढत जाते. तिथं कापड दर फडक्याला चाबकासारखं परततं. आधी कोपऱ्यांची शिवण सुटते, मग कडेचे धागे. पंढरपूरच्या वाटेवरच्या पताका टोकाकडे निमुळत्या किंवा दुभंगलेल्या असतात, तिथं मारा खायला कापडच कमी असतं. आयताला ही सोय नाही. म्हणून त्या कडेला दुहेरी दुमड आणि दुहेरी टाका हवा, आणि आषाढातल्या वाऱ्यात दर आठवड्याला कड पाहायला हवी.

विरलेली कड कापून पुन्हा दुमडण्याचा मोह होतो, साध्या झेंड्याला ते चालतंही. तिरंग्याला चालत नाही. ९०० मि.मी.च्या झेंड्यातून ३० मि.मी. कापले की लांबी ८७० उरते, ३:२ हे प्रमाण मोडतं आणि चक्र मधोमध न राहता १५ मि.मी. एका बाजूला सरकतं. फाटलेला झेंडा लावणं ध्वजसंहितेलाही मान्य नाही. तो उतरवावा आणि एकांतात, संपूर्ण, शक्यतो जाळून, मानाने नष्ट करावा.