बहुहस्त व्हिडिओ पोकरमधील बोनस

बहुहस्त व्हिडिओ पोकरमधील बोनस : एकाच वाटपातून तीन, पाच, दहा, पन्नास किंवा शंभर हात खेळवणाऱ्या पोकर-यंत्रांवर नेहमीच्या पाच नाण्यांवर जादा नाणी लावल्यास लागू होणारी वाढीव लाभाची तरतूद. या यंत्रांत पडद्यावर पाच पत्ते येतात, खेळाडू हवे ते राखून बाकीचे एकदा बदलून घेतो आणि शेवटी जुळलेल्या पाच पत्त्यांनुसार, म्हणजे ‘हाता’नुसार, लाभ मिळतो. हे खेळ मुख्यतः अमेरिकेतील, विशेषतः नेव्हाडा राज्यातील कॅसिनोंत रुजले.

व्हिडिओ पोकरची वंशावळ काही लेखक ब्रुकलिनमधील सिटमन आणि पिट यांच्या १८९१ च्या सुमाराच्या यंत्रापर्यंत नेतात. त्या यंत्रात पाच दंडगोलांवर पन्नासच पत्ते असत. इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम हे दोन पत्ते बहुधा गाळले जात व त्यामुळे रॉयल फ्लशची (एकाच चिन्हाचे दश्शी ते एक्का हे पाच पत्ते) शक्यता निम्म्यावर येई. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस साय रेड यांच्या कंपनीने (पुढे आयजीटी) पडद्यावरील पोकर बाजारात आणले. आरंभ तेथून मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नेव्हाडाच्या नियमांनुसार पडद्यावरील पत्त्यांची शक्यता खऱ्या कॅटमधील शक्यतेइतकीच ठेवावी लागते आणि बोनसचे सर्व गणित या पूर्ण बावन्न पत्त्यांवर उभे आहे.

बहुहस्त प्रकाराचे श्रेय अर्नी मूडी यांच्याकडे जाते. त्यांच्या ‘ट्रिपल प्ले’ला १९९८ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. यात पहिले पाच पत्ते सर्व हातांना सामाईक असतात. खेळाडूने राखलेले पत्ते प्रत्येक हातात उतरतात आणि उरलेल्या जागा त्या त्या हाताच्या स्वतंत्रपणे पिसलेल्या ४७ पत्त्यांतून भरल्या जातात. हातांची ही वाढ हाच एक बोनस, असेही काहींचे म्हणणे आहे. पण तीत जादा नाणे नाही आणि प्रत्येक नाण्यामागचा अपेक्षित परतावाही बदलत नाही. ‘जॅक्स ऑर बेटर’ या, गुलामांच्या किंवा त्याहून वरच्या जोडीपासून लाभ देणाऱ्या खेळाच्या उत्तम लाभ-कोष्टकावर (फुल हाउसला, म्हणजे तिकडी व जोडी एकत्र आल्यास, पैजेच्या ९ पट; फ्लशला, म्हणजे पाचही पत्ते एकाच चिन्हाचे आल्यास, ६ पट) अचूक खेळल्यास तो ९९.५४ टक्के असतो, हात एक असो वा शंभर. बदलते ती चढउतारांची तीव्रता. एका हाताचे विचरण (चढउतारांचे गणिती माप) सुमारे १९.५ असते आणि सामाईक पत्त्यांमुळे प्रत्येक वाढीव हातागणिक पैजेमागील विचरणात सुमारे २ ची भर पडते.

खऱ्या बोनसाचे प्रकार पाडताना एकच प्रश्न निर्णायक ठरावा : बोनसमुळे कोणते पत्ते राखायचे याचा निर्णय बदलतो का?

‘सुपर टाइम्स पे’मध्ये तो बदलत नाही. प्रत्येक हातामागे सहावे नाणे लावले की सरासरी पंधरा डावांतून एकदा यदृच्छेने गुणक येतो आणि त्या डावातील सर्व हातांना लागतो. गुणकाची सरासरी ४.०५ असल्याने पाच नाण्यांचा परतावा सुमारे १.२०३ पट होतो. जादा नाण्यासाठी १.२ पट पुरेसा होता. म्हणजे सहावे नाणे स्वतःचा खर्च काढून किंचित फायदाही देते आणि वरील कोष्टकावर परतावा ९९.८२ टक्क्यांच्या आसपास जातो. सगळ्या हातांना गुणक सारखाच असल्याने पत्ते नेहमीच्या रीतीनेच राखावेत.

लॅरी डेमार यांच्या ‘मल्टी-स्ट्राइक’मध्ये मात्र निर्णय बदलतो. येथे हात एकाखाली एक नसून चार पायऱ्यांवर असतात आणि त्यांचे दर १, २, ४ व ८ पट असतात. चारही पायऱ्यांची पैज आधीच भरायची आणि जिंकला तरच वरची पायरी उघडते. दर दुप्पट होतो, पण ‘जॅक्स ऑर बेटर’मध्ये हात जिंकण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी असते. ही तूट भरण्यासाठी अधूनमधून ‘फ्री राइड’ मिळते आणि हात हरला तरी बढती होते.

समजा पहिल्या पायरीवर बदामचा गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी आणि इस्पिकचा गुलाम आले. साध्या खेळात इस्पिकचा गुलाम टाकून स्ट्रेट फ्लशच्या (एकाच चिन्हाचे पाच सलग पत्ते) मागे जावे. ४७ पत्त्यांपैकी २ स्ट्रेट फ्लश (प्रत्येकी ५०), ७ फ्लश (प्रत्येकी ६), ६ स्ट्रेट, म्हणजे चिन्ह न जुळता सलग पाच पत्ते (प्रत्येकी ४), आणि २ गुलामांची जोडी (प्रत्येकी १) देतात. एकूण १६८, म्हणजे सरासरी ३.५७, जोडी राखल्यास केवळ १.५४. परंतु पहिल्या पायरीवरील विजयाने उघडणाऱ्या वरच्या पायऱ्यांचे मूल्य सुमारे सहा पैजांइतके असते. जोडीचा विजय निश्चित असल्याने तिचे एकूण मूल्य ७.५४ होते, दुसऱ्या पर्यायात ४७ पैकी १७ च पत्ते विजय देतात आणि बेरीज ५.७४ वर थांबते. म्हणून येथे जोडी राखणे योग्य. हेच पत्ते चौथ्या पायरीवर आले, किंवा फ्री राइड हाती असली, तर साधा नियम पुन्हा लागू होतो. खेळाची खरी गोडी याच ठिकाणी आहे आणि तो सवयीने खेळणाऱ्याचे नुकसानही याच ठिकाणी होते.

२००० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘अल्टिमेट एक्स’मध्ये प्रत्येक हाताला दहा नाणी लागतात आणि लाभ पाचांच्या दराने मिळतो. त्यामुळे पैसे वसूल होण्यासाठी सरासरी गुणक दोनच्या जवळपास असावा लागतो. जिंकलेला हात त्याच जागेवरील पुढच्या हातासाठी गुणक ठेवून जातो. सर्वांत मोठा, १२ पटींचा गुणक फुल हाउसला मिळतो, चौकडीला (एकाच मूल्याचे चार पत्ते) नव्हे. गुणक १ असताना फुल हाउसचे मूल्य त्याच्या ९ मध्ये, पुढच्या हाताला १ ऐवजी १२ पट मिळणार असल्याने, येणाऱ्या डावाचे सुमारे ११ मिळवून धरावे लागते. चालू गुणक मोठा असला की भविष्याचे पारडे हलके होते आणि नेहमीचा खेळ बहुतांशी पुरतो. साठलेले गुणक यंत्रावर तसेच सोडून काही खेळाडू उठून जातात. ते शोधत कॅसिनोत फिरणारा एक वर्गच यातून तयार झाला.

‘ड्रीम कार्ड’सारख्या खेळांत काही डावांत पाचवा पत्ता यंत्र स्वतः निवडून देते.

भारतापुरते पाहिल्यास, गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत विद्युत खेळयंत्रांना वाव मिळाला. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधीच अंमलात आला नाही. तो २०२३ मध्ये रद्द झाला.