लोकसहभागातून डेटा लेबलिंग

मशीन लर्निंगसाठी, म्हणजे उदाहरणांवरून संगणकाला शिकवण्यासाठी, लागणाऱ्या छायाचित्रांना, वाक्यांना किंवा ध्वनिमुद्रणांना लेबल लावण्याचे काम इंटरनेटवरून असंख्य लोकांमध्ये वाटून करून घेण्याची पद्धत. चित्रात मांजर आहे का, वाक्यातला सूर रागाचा की आनंदाचा, असे छोटे प्रश्न एकेकाला विचारतात आणि आलेल्या उत्तरांतून विदासंच (डेटासेट) उभा राहतो.

अशा कामाचा बाजार ॲमेझॉनने २००५ मध्ये ‘मेकॅनिकल टर्क’ या सेवेद्वारे मांडला. संशोधनात तो रुळला इमेजनेट या लेबल लावलेल्या चित्रांच्या संचामुळे. संगणकशास्त्रज्ञ फेइ-फेइ ली यांच्या गटाने २००९ मध्ये हा संच सादर केला तेव्हा त्यात ३२ लाख चित्रे होती. पुढे ती १.४ कोटींवर गेली. एकच चित्र अनेकांना दाखवले जाई आणि किती मते घ्यायची हे वस्तूगणिक बदले. ‘मांजर’ म्हटल्यावर चटकन एकमत होते. ‘बर्मी मांजर’ ओळखायला जास्त डोळे लागतात. याच संचावरच्या २०१२ च्या स्पर्धेत अलेक्सनेट या चित्रे ओळखणाऱ्या प्रणालीने बाजी मारली आणि डीप लर्निंगकडे (अनेक थरांच्या कृत्रिम न्यूरल नेटवर्कांना शिकवण्याच्या पद्धतीकडे) सगळ्यांचे लक्ष वळले.

बहुमत हा उत्तर ठरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग, पण सगळे लेबलकर्ते सारखे नसतात. डेव्हिड आणि स्कीन या संख्याशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच यावर तोडगा सुचवला होता. भूल देण्यापूर्वी एकाच रुग्णाची तपासणी अनेक डॉक्टरांनी केली आणि त्यांची मते जुळली नाहीत, तर खरे काय मानायचे, हा त्यांचा प्रश्न होता. आधी खऱ्या उत्तराचा अंदाज बांधायचा, त्यावरून प्रत्येक डॉक्टर कुठे आणि किती चुकतो हे काढायचे, मग त्या चुका जमेस धरून उत्तराचा अंदाज सुधारायचा, आणि आकडे स्थिरावेपर्यंत हेच करत राहायचे. आजच्या अनेक पद्धती याच पायावर उभ्या आहेत. शिवाय उत्तर आधीच माहीत असलेले काही प्रश्न कामात मिसळून लेबलकर्त्याची पारख केली जाते.

सर्वांची चूक एकाच दिशेची असेल, तर मते वाढवून ती जात नाही. ‘गॅलक्सी झू’ या २००७ मध्ये सुरू झालेल्या, दीर्घिकांच्या (तारकासमूहांच्या) चित्रांचे वर्गीकरण करण्याच्या प्रकल्पात स्वयंसेवकांना घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या सर्पिल दीर्घिका जास्त दिसल्या. तीच चित्रे आरशातल्यासारखी उलटवून दाखवली, तरीही उलट दिशेचाच कौल जास्त आला! म्हणजे कल आकाशात नव्हता, पाहणाऱ्यांत होता.

मतभेद म्हणजे मात्र नेहमीच चूक नव्हे. मालवणी मुलखात जिव्हाळ्याने दिलेली शिवी पुण्यातल्या लेबलकर्त्याला अपमानास्पद वाटू शकते. अशा वेळी बहुमताने एक उत्तर लादण्यापेक्षा सगळी मते जपून ठेवणे अधिक प्रामाणिक ठरते.

मोबदल्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. मेकॅनिकल टर्कवरील कामगारांच्या २०१८ मधील एका अभ्यासात ताशी मध्यक कमाई (निम्म्यांची याहून कमी, निम्म्यांची जास्त) सुमारे दोन डॉलर निघाली. काम शोधण्यात गेलेला वेळ आणि नाकारले गेलेले काम यांचे पैसे मिळत नाहीत, हे त्यामागचे एक कारण. काम नाकारले तरी केलेली लेबले मात्र काम देणाऱ्याच्या हाती राहतात, आणि हा उघड अन्याय आहे.

मराठीच्या बाबतीत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास महत्त्वाचा आहे. ग्रामीण व शहरी भागातील अल्प उत्पन्न गटांतले लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा ३६ जणांकडून त्यात १०९ तासांचे मराठी बोलणे गोळा केले गेले. अल्प उत्पन्न गटांचे काम विद्यार्थ्यांच्या तोडीचे निघाले. मोझिलाचा ‘कॉमन व्हॉइस’ आणि केंद्र सरकारच्या भाषिणी या भाषांतर-तंत्रज्ञान प्रकल्पातील ‘भाषादान’ या लोकांकडून भाषेचे नमुने गोळा करणाऱ्या उपक्रमांतही मराठी आहे, पण तेथील योगदान स्वेच्छेचे असते. बिनमोबदला वेळ देणे ज्यांना परवडते त्यांचीच बोली अशा संचांत अधिक उतरण्याचा धोका असतो. मजुरी बुडवून कोणी वाक्ये वाचत बसणार नाही.