ऑक्सिजन सेन्सर घरी बदलण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

चेक इंजिनचा दिवा लागला, मोबाइलवरील स्कॅनरने एक कोड दाखवला, नवा ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टच्या धुरातील ऑक्सिजन मोजणारा भाग) घरीच बसवला आणि चार दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागला, अशी तक्रार घेऊन अनेक ग्राहक आमच्या नागपूरच्या दुकानात येतात. अशा वेळी नव्या सेन्सरला दोष दिला जातो. बहुतेकदा मात्र जुना सेन्सरही चांगलाच असतो.

सर्वाधिक घोळ पी ०१७१ या कोडने होतो. इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जात आहे, एवढेच हा कोड सांगतो आणि ही माहिती संगणकाला देणारा सेन्सरच असतो. खरे कारण एअर फिल्टरपुढील तडकलेली रबरी नळी, मळलेला एअर फ्लो सेन्सर, कमजोर फ्युएल पंप किंवा मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या) गास्केटमधील गळती यांपैकी काहीही असू शकते. अशा गाडीत सेन्सर बदलणे म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर बदलणे होय. पी ०१३५ आणि पी ०१४१ हे कोड अनुक्रमे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या भागाच्या) पुढच्या आणि मागच्या सेन्सरच्या हीटर सर्किटचे, म्हणजे सेन्सर तापवणाऱ्या तारांचे आहेत. तेथे संशय रास्त असतो, तरीही आधी फ्यूज पाहावा आणि कनेक्टरपर्यंतची वायर हाताने चाचपावी. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, हे आपणांस वेगळे सांगायला नको. वायर शाबूत असल्यास कनेक्टर सोडून सेन्सरच्या बाजूला मल्टीमीटर लावावा. चार तारांच्या बहुतेक सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन तारा हीटरच्या असतात. त्यांच्यामध्ये काही ओहमचा रोध दिसला पाहिजे. सर्किट तुटलेले दिसले, तर सेन्सर निश्चित गेला आहे.

सेन्सर जिवंत आहे का, हे त्याच स्कॅनरच्या लाइव्ह डेटावर पाहता येते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय सेन्सर नीट काम करीत नाही, म्हणून इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे. पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ या दरम्यान सतत वरखाली होत राहिले पाहिजे; अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबल्यावर ते वर चढते आणि सोडल्यावर खाली येते. ही खूण साध्या झिर्कोनिया सेन्सरची आहे. काही गाड्यांत पुढे एअर-फ्युएल रेशो सेन्सर असतो, त्याला ती लावू नये. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर मात्र जवळजवळ स्थिर राहतो आणि तसाच राहिला पाहिजे. आकडा हलत नाही म्हणून तो मेला असे समजून धडधाकट सेन्सर काढून आणणारे ग्राहक कमी नाहीत.

एवढे करूनही सेन्सरच दोषी ठरला, तर बदलण्याचे काम अवघड नाही. इंजिन थोडा वेळ चालवून एक्झॉस्ट कोमट असताना, हातमोजे घालून सेन्सर सैल करावा. पूर्ण थंड धातूत गंजलेले आटे धरून बसतात आणि जोर लावल्यास सेन्सरबरोबर पाइपचे आटेही निघून येतात. वायरसाठी खाच असलेला २२ मिलिमीटरचा सॉकेट वापरावा, कारण साध्या पान्याने षटकोनाच्या कडा झिजतात. मागच्या सेन्सरसाठी गाडीखाली जाताना केवळ जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेच. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा कंपनीने अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचा लेप) लावलेले असते; त्यावर आणखी काही चोपडू नये, टोकाला बोट लावू नये आणि जवळपास सिलिकॉन सीलंट वापरू नये, कारण सिलिकॉनच्या वाफेने सेन्सर कायमचा निकामी होतो. सुरुवातीचे आटे हातानेच बसवावेत. नंतर मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने घट्ट करून कोड पुसावा.

एकदा गाडीत बसवलेला सेन्सर आम्ही परत घेत नाही, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. काजळी लागलेला आणि आटे वापरलेला सेन्सर नवा म्हणून दुसऱ्याला देणे आम्हाला मान्य नाही. सीलबंद डबा मात्र बिलासह सात दिवसांत बदलून मिळेल. चेसिस नंबर आणि जुन्या सेन्सरवरील पार्ट नंबर आम्ही आग्रहाने विचारतो, तोही याच कारणाने : पुढचा आणि मागचा सेन्सर दिसायला सारखे असले, तरी वायरची लांबी आणि कनेक्टर बहुधा वेगळे असतात. बाजारात तारा कापून जोडण्याचे स्वस्त सेन्सरही मिळतात. तो जोड कधीही डाग देऊन (सोल्डर करून) करू नये, कारण अनेक सेन्सर तारांच्या आतूनच बाहेरची हवा घेतात. आम्ही मात्र मूळ कनेक्टरसह येणारेच सेन्सर ठेवतो, ते थोडे महाग असले तरी.

खरेदीपूर्वी गाडी दुकानासमोर आणल्यास कोड आणि लाइव्ह डेटा आम्ही विनामूल्य पाहून देतो. इंजिन गरम असलेलेच बरे, म्हणून हिंगणा किंवा वाडीकडून येत असाल तर वाटेत गाडी बंद करून थंड होऊ देऊ नये. सेन्सर घेणाऱ्या ग्राहकांना खाचेचा सॉकेट अनामत रकमेवर एका दिवसासाठी मिळतो.