पोर्ट खाऱ्या हवेने गेलेला नसतो

रत्नागिरी ते वेंगुर्ला, लिनक्स लॅपटॉपला थंडरबोल्ट डॉक (एका टाइप-सी केबलवरून चार्जिंग, मॉनिटर, लॅन, यूएसबी सगळं देणारा डबा) लावल्यावर चार्जिंग होतं, मॉनिटरही लागतो, पण डॉकमधला लॅन आणि पेनड्राइव्ह चालत नाही, की निदान ठरलेलं: खाऱ्या हवेने पोर्ट गंजला. गंज खरा, पण गंजलेला पोर्ट सहसा असा निवडून बंद पडत नाही.

चार्जिंग आणि मॉनिटरला परवानगी लागत नाही. थंडरबोल्ट ३ डॉकचे लॅन आणि यूएसबी मात्र पीसीआय एक्सप्रेस या लॅपटॉपच्या आतल्या वेगवान डेटा-मार्गावरून येतात. त्या वाटेने उपकरण थेट मेमरीपर्यंत पोहोचू शकतं, म्हणून थंडरबोल्टच्या 'यूजर' या सुरक्षा पातळीवर तुम्ही हो म्हणेपर्यंत ती बंद राहते. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, परवानगीची ही सोय ४.१३ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे.

ही परवानगी द्यायला 'बोल्ट' (bolt) पॅकेज टाका. टर्मिनलमध्ये 'बोल्टसीटीएल लिस्ट' (boltctl list) चालवा. डॉकपुढे 'ऑथराइज्ड'ऐवजी नुसतं 'कनेक्टेड' दिसलं, तर 'बोल्टसीटीएल एनरोल' (boltctl enroll) आणि पुढे यादीतला यूयूआयडी, म्हणजे डॉकचा ओळख क्रमांक, द्या. नुसतं 'ऑथराइज' (boltctl authorize) केलंत तर डॉक काढून लावल्यावर पुन्हा तेच. एनरोलची नोंद टिकते.

बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) थंडरबोल्टची सुरक्षा पातळी 'डिस्प्लेपोर्ट ओन्ली', म्हणजे फक्त मॉनिटरपुरती, असेल तर एनरोलचा उपयोग नाही, ती 'यूजर'वर आणा. 'नो सिक्युरिटी' करू नका, विशेषतः पर्यटकांची ये-जा असलेल्या होमस्टेच्या काउंटरवर.

डॉक यादीतच नसेल तर आधी केबल बघा: विजेचं चिन्ह नसलेली साधी टाइप-सी केबल चार्जिंग देते, थंडरबोल्ट देईलच असं नाही. पोर्ट साफ करण्याची पाळी त्यानंतरची.