गळाच नाही, तर पट्टा कुठं बांधणार?

शिराळा तालुक्यातल्या एका शाळेत गेल्या महिन्यात वन्यप्राण्यांवर बोलायला गेलो होतो. तिथल्या पोरांना रेडिओ कॉलर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. उसात बिबट्या नेहमीचाच, आणि ताडोबाहून चांदोलीत आणलेल्या वाघिणीच्या गळ्यात पट्टा आहे हे घराघरात माहीत. ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रातल्या देवमाशांचाही माग असाच काढतात, एवढं मी म्हणालो आणि पाचवीतली एक मुलगी जागेवरूनच बोलली, "पण सर, देवमाशाला गळाच नसतो की! मग पट्टा बांधणार कुठं?"

हा प्रश्न शास्त्रज्ञांना जवळजवळ शंभर वर्षं पुरला आहे. देवमाशाचं अंग डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसलग आणि गुळगुळीत. त्यावर ना दोरी टिकते, ना पट्टा. वाघासारखी भूल द्यावी, तर तो बुडून मरायचा. तो मासा नव्हे, श्वास घ्यायला त्याला शुद्धीत राहून वर यावं लागतं. त्यात खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी जवळजवळ जातच नाहीत, आणि याचा बहुतेक सगळा वेळ पाण्याखाली.

पहिलं उत्तर बंदुकीनं दिलं. १९२५ साली ब्रिटिशांनी दक्षिण ध्रुवाकडच्या साउथ जॉर्जिया बेटावरून 'डिस्कव्हरी इन्व्हेस्टिगेशन्स' ही पाहणी सुरू केली. तिचा खर्च देवमाशाच्या तेलावर बसवलेल्या करातून निघत होता. धंदा टिकवायचा तर जनावर किती आहे आणि कुठं जातं हे कळायला हवं, असा तो हिशोब. सुरुवातीच्या खुणा मोठ्या टाचणीसारख्या होत्या, त्या अंगात टिकल्या नाहीत. मग १९३२ पासून स्टेनलेस स्टीलची, वीतभर लांबीची नळी आली. तिच्यावर नंबर कोरलेला. बोटीतून बंदुकीनं ती देवमाशाच्या पाठीच्या चरबीत मारायची. पुढं कधी तोच देवमासा शिकाऱ्यांच्या हाती लागला, की चरबी सोलताना नळी सापडायची. नजरेतून सुटली तर कढईत चरबी उकळून झाल्यावर तळाशी मिळायची. ती परत पाठवणाऱ्याला बक्षीस ठेवलं होतं.

दुसऱ्या महायुद्धाआधी अशा सुमारे पाच हजार देवमाशांवर खुणा केल्या गेल्या. त्यातून मोलाची माहिती मिळाली. उन्हाळ्यात ध्रुवाजवळ चरायला येणारे देवमासे बरेचदा वर्षानुवर्षं समुद्राच्या त्याच टापूत परत येतात, हे कळलं. पण ही नळी बोलायची ती देवमासा मेल्यावरच. हा सगळा इतिहास वाचताना मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ही. नळी कुठं मारली हा एक बिंदू, जनावर कुठं मारलं हा दुसरा. मधल्या वाटेबद्दल अवाक्षर नाही.

आणि मारणं केवढं! विसाव्या शतकात एकट्या दक्षिण गोलार्धात वीस लाखांहून जास्त देवमासे मारले गेले. सोव्हिएत ताफे तर खोटे आकडे कळवत होते. खऱ्या नोंदी रशियातल्याच शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात बाहेर काढल्या. त्यात आपल्या अरबी समुद्राचंही एक पान निघालं. १९६६ च्या नोव्हेंबरात, अंटार्क्टिकाकडे निघालेल्या सोव्हिएत ताफ्यानं इथं हंपबॅक जातीचे सुमारे २४० देवमासे मारले होते.

मारल्याशिवाय ओळखायचं कसं, याचं सोपं उत्तर १९७० च्या दशकात कॅमेऱ्यानं दिलं. हंपबॅक बुडी मारताना शेपूट वर उचलतो, आणि शेपटीच्या खालच्या बाजूचा काळा-पांढरा नमुना प्रत्येकाचा वेगळा असतो. शिंगं आणि कपाळ बघून खिल्लार खोंड कुणाच्या दावणीचा हे सांगणारे लोक आपल्याकडे आहेतच, तसंच हे. पण फोटो निघायला उजेड हवा आणि जवळपास बोट हवी. ध्रुवाजवळच्या हिवाळ्यात दोन्ही नाहीत.

त्याच्याही आधी, १९६० च्या दशकात, अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो या संशोधन तळावर शास्त्रज्ञ जेराल्ड कूयमन यांनी सील या समुद्री प्राण्यावर एक प्रयोग केला होता. स्वयंपाकघरात वेळ लावायला वापरतात तो चावीचा टायमर घेतला, त्यावर काजळी धरलेली काचेची चकती बसवली. टायमर फिरेल तशी चकती फिरायची आणि पाण्याच्या दाबाप्रमाणे सुई काजळीवर रेघ ओढायची. सील किती खोल गेला आणि किती वेळ राहिला, ते त्या रेघेत. आजच्या सगळ्या महागड्या यंत्रांचा मूळपुरुष हा टायमर आहे.

खरी कोंडी फुटली ती १९७८ मध्ये सुरू झालेल्या 'आर्गोस' या उपग्रह व्यवस्थेनं. उंब्रजजवळ हायवेला उभं राहून बघा. येणाऱ्या ट्रकच्या हॉर्नचा सूर चढा असतो, ट्रक पुढं निघून गेला की उतरतो. उपग्रह हेच रेडिओच्या सुराबाबत करतो. जवळ येताना आणि लांब जाताना सूर किती बदलला, यावरून जनावराच्या अंगावर बसवलेली, रेडिओ संदेश सोडणारी खूण खाली कुठं आहे ते काढतो. हे उपग्रह साधारण साडेआठशे किलोमीटर उंचीवरून प्रत्येक फेरीत ध्रुवांजवळून जातात. त्यामुळे विषुववृत्तापेक्षा ध्रुवाजवळच्या प्राण्याची खबर दिवसात जास्त वेळा मिळते.

पाण्याखाली असताना खुणेनं उगाच बॅटरी जाळू नये म्हणून केलेली युक्ती मला फार आवडते. खुणेच्या बाहेरच्या अंगाला धातूचे दोन ठिपके असतात. खारं पाणी वीज वाहून नेतं, म्हणून बुडालेलं असताना दोन्ही जोडलेले राहतात आणि खूण गप्प बसते. पाठ पाण्याबाहेर आली, जोड तुटला, की संदेश सुटतो. श्वासाच्या त्या दोन-चार क्षणांत उपग्रह डोक्यावर असेल तर काम झालं.

आता ती बसवायची कुठं? बर्फातले बरेच देवमासे इथंही अडवतात. बर्फाखाली वावरणाऱ्या नारव्हेल, बेलुगा आणि बोहेड या तिघांनाही पाठीवर पर नसतो. नारव्हेलच्या नराला लांब पिळदार सुळा असतो, म्हणून १९९० च्या दशकात काही खुणा थेट सुळ्यालाच जोडून पाहिल्या. नंतर ग्रीनलँडच्या इनुइट शिकाऱ्यांच्या मदतीनं किनाऱ्याजवळ जाळ्यात धरून पाठीच्या कण्यावरच्या उंचवट्यात पिना घालून खूण बसवायची रीत आली. २००५ ते २००७ मध्ये अशा १४ नारव्हेलांच्या पाठीवर तापमापकही दिले होते. भर हिवाळ्यात, जिथं जहाज शिरू शकत नाही त्या बॅफिन उपसागरात, त्यांनी १,७७३ मीटरपर्यंत बुड्या मारून पाण्याचं तापमान कळवलं. जुन्या नोंदींवरून धरलेल्या अंदाजापेक्षा खोलातलं पाणी गरम निघालं.

अंटार्क्टिकाच्या ऑर्का, म्हणजे दात असलेले काळे-पांढरे शिकारी देवमासे, तर सगळ्यांना चकित करून गेल्या. परावर छोटी खूण मारलेली एक ऑर्का ४२ दिवसांत सुमारे ९,४०० किलोमीटर फिरून, ऊबदार समुद्र गाठून परत आली. २०११ मध्ये हा अभ्यास मांडणाऱ्यांचा तर्क असा, की थंडीत कातडी नवी होत नाही, म्हणून त्या ऊब घ्यायला जातात.

किंमतही मोजावी लागली आहे. २०१६ मध्ये कॅनडाच्या किनाऱ्यावर एक तरुण नर ऑर्का मेलेला सापडला. खुणेचे तुकडे पाठीच्या परात राहिले होते आणि तिथून बुरशीचा संसर्ग आत गेला होता. त्याच्या कळपातल्या मोजक्याच उरलेल्या ऑर्कांवर अशा खुणा मारणं मग थांबवण्यात आलं. ते योग्यच झालं असं मला वाटतं. काही तास चिकटून आपोआप सुटणाऱ्या रबरी चूषकांच्या खुणा आहेत, तिथं आधी त्या वापराव्यात.

शाळेत शेवटी मी लुबानची गोष्ट सांगितली. अरबी समुद्रातले हंपबॅक ध्रुवाकडे जात नाहीत, वर्षभर इथंच राहतात, आणि आता फार थोडे उरलेत. २०१७ च्या नोव्हेंबरात ओमानजवळ लुबान नावाच्या मादीवर उपग्रह-खूण बसवली. ती समुद्र ओलांडून थेट आपल्या पश्चिम किनाऱ्याला आली, गोव्यापासून खाली दक्षिण टोकापर्यंत गेली आणि परत ओमानला पोचली. १९६६ ला मारल्या गेलेल्यांच्याच कुळातली ही. शिराळ्याहून समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे, हे नकाशावर दाखवलं तेव्हा पोरं उठून फळ्याजवळ आली.

पाचवीतल्या त्या मुलीला मात्र तिच्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. हंपबॅकला पाठीवर वशिंड असतं, खूण त्याच्या जवळ बसवतात, म्हणालो. "आमच्या बैलासारखं?" तिनं विचारलं, आणि स्वतःच्या पाठीवर हात मागं नेऊन जागा दाखवली.