सरळ रेघ येत नाही म्हणजे हातात कला नाही?

‘पट्टीशिवाय सरळ रेघ येत नाही, त्याला चित्रकला जमणार नाही’ हा समज जुना आहे, पण चुकीचा.

मनगट टेकलं की पेन्सिल त्याभोवती कमानीत फिरते, म्हणून रेघ वाकते. पडताळून पाहा: 20 सेंमी अंतरावर दोन ठिपके द्या. एकदा मनगट टेकवून जोडा, एकदा हात उचलून खांद्यातून, नजर दुसऱ्या ठिपक्यावर ठेवून. फार हळू ओढू नका, रेघ थरथरते.

खरी गरज असते मोजमापाची. साताऱ्यातून अजिंक्यतारा किल्ल्याचा डोंगर काढताना हात ताठ धरा, एक डोळा मिटा, पेन्सिलीवर अंगठ्याने डोंगराची उंची घ्या आणि ती रुंदीत किती वेळा बसते ते मोजा. अंदाजाने काढलेला डोंगर बहुधा जास्तच उंच निघतो! रेघांच्या आणि डोंगराच्या, दोन्ही कागदांवर तारीख टाका. महिन्याने उत्साह ओसरला की नव्या कागदांशेजारी ठेवून बघायला ते लागतील.