चर्च ऑफ इंग्लंडमध्ये विवाह करायचा असल्यास: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

चर्च ऑफ इंग्लंड हे इंग्लंडचे राजमान्य प्रोटेस्टंट चर्च असून तेथे होणारा विवाह हा धार्मिक विधी असतो आणि त्याच वेळी पूर्ण कायदेशीर विवाहही असतो. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना, आणि ज्या घरात इंग्रज सून किंवा जावई येणार आहे अशा इतर कुटुंबांनाही, या प्रक्रियेची माहिती बहुधा ऐकीव स्वरूपातच मिळते. त्यातून दोन समज पक्के झालेले दिसतात. बाप्तिस्मा झालेला नसेल तर चर्च दारात उभे करणार नाही, हा पहिला. आणि व्हिकरने, म्हणजे तेथील पाळकाने, तीन रविवारी वधू-वरांची नावे वाचली की काम झाले, हा दुसरा. पहिल्या समजामुळे माणसे विनाकारण मागे हटतात. दुसरा मात्र अधिक नुकसानकारक आहे, कारण भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीसाठी केवळ नावे वाचून विवाह लावता येत नाही, आणि हे पत्रिका छापून झाल्यावर कळले तर तारीखच बदलावी लागते.

पात्रतेचा पाया पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणारा परिसर, हा आहे. इंग्लंडची सगळी भूमी पॅरिशमध्ये विभागलेली आहे आणि वधू-वरांपैकी कोणीही एक जण ज्या पॅरिशमध्ये राहतो, तेथील चर्चमध्ये विवाह करण्याचा त्याला हक्क असतो; तो बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, रविवारच्या उपासनेला जात असो वा नसो. चर्चच्या मतदार यादीत नाव असेल तरी हा हक्क मिळतो. ज्यांना आपल्या राहत्या पॅरिशबाहेरच्या चर्चमध्ये लग्न करायचे आहे त्यांच्यासाठी 2008 साली स्वतंत्र नियम करण्यात आला. त्यानुसार वधू-वरांपैकी एकाचा त्या पॅरिशमध्ये बाप्तिस्मा झालेला असेल, दृढीकरणाची (कन्फर्मेशन या विधीची) नोंद तेथील नोंदवहीत असेल, ती व्यक्ती आयुष्यात केव्हाही किमान 6 महिने तेथे राहिलेली असेल किंवा 6 महिने तेथील उपासनेला नियमित गेलेली असेल, तर तेवढा संबंध पुरतो. आई किंवा वडील त्या व्यक्तीच्या जन्मानंतर केव्हाही 6 महिने तेथे राहिले असतील किंवा तेथे उपासनेला जात असतील, अथवा आईवडिलांचे किंवा आजीआजोबांचे लग्न त्याच पॅरिशमध्ये लागले असेल, तरीही चालते. दुसऱ्या पिढीतील मराठी मुलामुलींना ही तरतूद फार उपयोगाची आहे, कारण आईवडिलांनी इंग्लंडमध्ये आल्यावर पहिले भाड्याचे घर जिथे घेतले, त्या पॅरिशचे चर्चही त्यांना मिळू शकते. पुरावा म्हणून जुना भाडेकरार, कौन्सिल टॅक्सचे बिल किंवा चर्चच्या नोंदवहीतील उतारा शोधून ठेवावा.

वधू आणि वर दोघांचेही वय 18 वर्षे पूर्ण असले पाहिजे. 27 फेब्रुवारी 2023 पासून पालकांच्या संमतीनेही त्याखालच्या वयात विवाह होत नाही. या चर्चमध्ये विवाह एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच लावला जातो. नात्यातील निषिद्ध विवाहांची सूची ठरलेली आहे. आते-मामे भावंडे त्या सूचीत येत नाहीत. घटस्फोटित व्यक्तीचा आधीचा जोडीदार हयात असेल तर विवाह लावायचा की नाही हे त्या पाळकाच्या विवेकावर सोडलेले असून, कोणत्याही पाळकावर त्यासाठी सक्ती करता येत नाही. म्हणून अशा जोडप्याने सभागृह आरक्षित करण्याआधी व्हिकरची भेट घ्यावी आणि घटस्फोटाचा अंतिम आदेश सोबत न्यावा.

दोघेही ब्रिटिश किंवा आयरिश नागरिक असतील तर नेहमीचा मार्ग बॅन्सचा आहे. जुन्या ब्रिटिश रिवाजामुळे आपल्याकडील मंडळ्यांतही हा प्रकार परिचित आहे. उपासनेच्या वेळी व्हिकर दोघांची नावे आणि त्यांच्या पॅरिशची नावे वाचतो, ही पहिली, दुसरी की तिसरी वेळ आहे ते सांगतो, आणि या विवाहास कायदेशीर अडथळा कोणाला माहीत असल्यास त्याने तो सांगावा असे उपस्थितांना आवाहन करतो. येथे ‘कायदेशीर’ हा शब्द महत्त्वाचा आहे: वय कमी असणे, आधीचा विवाह अस्तित्वात असणे, निषिद्ध नाते असणे ही कारणे ग्राह्य धरली जातात, घरच्यांना स्थळ पसंत नाही किंवा जात वेगळी आहे, हे कारण मुळीच चालत नाही. बॅन्स 3 रविवारी वाचावे लागतात. ते रविवार सलग असण्याची गरज नाही, परंतु तिसऱ्या वाचनानंतर 3 महिन्यांच्या आत विवाह झाला पाहिजे. वधू आणि वर वेगवेगळ्या पॅरिशमध्ये राहत असतील तर दोन्हीकडे, आणि विवाहाचे चर्च तिसरेच असेल तर तेथेही, वाचन व्हावे लागते व बाकीच्या पॅरिशमधून बॅन्सचे प्रमाणपत्र आणून विवाह लावणाऱ्या पाळकाला द्यावे लागते. हे प्रमाणपत्र मागण्याचे राहून जाणे ही अगदी सहज होणारी चूक आहे.

वेळ अपुरा असेल तर बॅन्सऐवजी बिशपच्या कार्यालयातून कॉमन लायसन्स हा विवाहाचा परवाना घेता येतो. कोणत्याच चर्चशी वर सांगितल्यासारखा संबंध नसेल, किंवा एखाद्या कॉलेजच्या चॅपलमध्ये विवाह करायचा असेल, तर कॅन्टरबरीच्या आर्चबिशपच्या फॅकल्टी ऑफिसकडे स्पेशल लायसन्ससाठी अर्ज करावा लागतो.

आता भारतीय नागरिकांविषयी. दोघांपैकी एक जण जरी ब्रिटिश किंवा आयरिश नसेल आणि त्याला युरोपीय संघाच्या नागरिकांसाठीच्या योजनेतील स्थायी किंवा पूर्व-स्थायी दर्जाही नसेल, तरी बॅन्सचा आणि कॉमन लायसन्सचा मार्ग बंद होतो. अशा वेळी दोघांनाही, म्हणजे ब्रिटिश जोडीदारालाही, रजिस्टर ऑफिसमध्ये प्रत्यक्ष जाऊन विवाहाची नोटीस द्यावी लागते. त्यापूर्वी त्या नोंदणी क्षेत्रात किमान 7 दिवस वास्तव्य झालेले असावे लागते. नोटीस 28 दिवस लावली जाते. गृहखात्याने चौकशी करायचे ठरवले तर ही मुदत 70 दिवसांपर्यंत वाढू शकते. त्यामुळे तारीख ठरवताना 70 दिवस धरूनच हिशेब करावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. भारतातून केवळ विवाहासाठी येणाऱ्या व्यक्तीने मॅरेज व्हिजिटर व्हिसा घ्यावा आणि विवाहानंतर तेथेच राहायचे असेल तर फियान्से व्हिसा घ्यावा. साध्या पर्यटक व्हिसावर नोटीस देता येत नाही. सोबत पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, व्हिसाच्या स्थितीचा पुरावा, छायाचित्र आणि आधीचा विवाह झालेला असल्यास घटस्फोटाचा आदेश किंवा मृत्यूचा दाखला न्यावा. हे कागद मराठीत असतील तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे.

नावाबाबत विशेष काळजी घ्यावी. पासपोर्टवर वडिलांचे नाव मधले नाव म्हणून आहे, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर नाही, आणि शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी आहे, असे आपल्याकडे सर्रास असते. सर्व अर्जांवर पासपोर्टप्रमाणेच नाव लिहावे आणि फरक असेल तर तो पहिल्याच भेटीत दाखवून द्यावा.

ज्यांचा भारतात कायदेशीर विवाह आधीच झालेला आहे, त्यांचा तेथे पुन्हा विवाह लावला जात नाही. त्यांच्यासाठी विवाहोत्तर प्रार्थना व समर्पणाची स्वतंत्र उपासना असते. तिला नोटीस लागत नाही. मात्र आधीचा विवाह लपवून अर्ज करणे हा गुन्हा ठरतो.

विवाहाच्या दिवशी वधू, वर, दोन साक्षीदार आणि पाळक यांच्या सह्या एका दस्तऐवजावर घेतल्या जातात. 4 मे 2021 पासून त्यात वडिलांबरोबर आईचेही नाव आणि व्यवसाय लिहिता येतो, ही स्वागतार्ह सुधारणा आहे. हा दस्तऐवज 21 दिवसांच्या आत रजिस्टर ऑफिसला पोहोचवावा लागतो. तेथे नोंद झाल्यानंतरच विवाहाचे प्रमाणपत्र मिळते, म्हणून ते त्याच दिवशी हाती येईल या भरवशावर व्हिसाची किंवा पासपोर्टवर जोडीदाराचे नाव घालण्याची भेट ठरवू नये. भारतात वापरण्यासाठी या प्रमाणपत्रावर ब्रिटिश परराष्ट्र खात्याकडून अपोस्टिल (दस्तऐवज परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे अधिकृत प्रमाणन) करून घ्यावे लागते. एकच प्रत कार्यालयांच्या फेऱ्यांत अडकून पडते, तेव्हा सुरुवातीलाच दोन-तीन प्रती मागवून ठेवाव्यात.